रिकाम्या परतीचे पैसे

जिनिव्हात रात्री सव्वादोनला फोन वाजतो
तेव्हा बहुतेक कुणाला तरी बर्फात घसरायला जायचं असतं,
नाहीतर कुणाचं कुत्रं, मालकाविना, नीसला.
मी आकडा सांगते. पलीकडे कुणी दचकत नाही.

हा म्हणाला, थांबा, खुर्ची घेतो.

आदेरितू व्हिलारिन्यू. गिलावा करतो.
सव्वीस वर्षं ह्या शहराच्या भिंती गुळगुळीत करतोय.
आई ब्रागान्सात, पोर्तुगालच्या पार कोपऱ्यात,
डॉक्टर म्हणतात, दुपार गाठणार नाही.
नेहमीचं विमान पोर्तोला, मग डोंगरातून मोटार,
हा हिशेब त्याने आधीच बोटांवर केला होता
आणि बोटं कमी पडली होती.

मग मी वाचत गेले, रोज वाचते तशी:
सगळ्यात लहान विमान, चार खुर्च्या, तासाला एकवीसशे युरो.
जायला पावणेदोन तास.
पंखांवरचा बर्फ काढायचं औषध, लिटरच्या भावाने,
किती लिटर ते पहाटेचं आभाळ ठरवील.
दोन वैमानिक. उतरण्याचे. उभं राहण्याचे.
तिथला विमानतळ नऊला उघडतो,
सातला उघडायचा तर बंबवाल्या तिघांची झोपमोड, तिचे वेगळे.
आणि परतीचे पावणेदोन तास.

"परतीला मी नाही."
माहीत आहे.
"मग कोण असेल?"
कुणी नाही.
"कुणी नसेल, त्याचे पण मीच द्यायचे?"

अकरा वर्षं मी हे वाक्य विकते आहे,
मला हे असं कुणी विचारलं नव्हतं.
मी गप्प. तोही गप्प. दोघांच्या गप्प बसण्याला मात्र पैसे पडत नव्हते.

मग तोच म्हणाला:
मी निघालो तेव्हा माझी ट्रंक गाढवावर होती,
बसपर्यंत आठ किलोमीटर. आई चालत.
परत जाताना गाढव रिकामं होतं,
तरी ती बसली नाही म्हणे त्याच्यावर.
कुणी विचारलं नाही, काय पडलं तिला ते.

सँडविच काढा, म्हणाला. तीनशे चाळीस उतरले.
कॉफी?
कॉफी फुकट असते.
मग दोन ठेवा.

बहीण ग्रासिएत लक्झेंबर्गात, तिने तीन हजार धरले.
बाकीचे गावातल्या घराच्या वरच्या मजल्याचे.
फरशी पसंत झाली होती, निळसर, तेवढं सांगितलं त्याने
आणि कार्डाचा नंबर सावकाश वाचला, दोनदा,
एखादा आकडा चुकला तर बरं, असा.

तीन आठवड्यांनी फोन. भर दिवसा.
मला वाटलं, पावती हवी असेल, मयताच्या विम्यासाठी.

आई बसती झाली होती.
डोळे उघडले, त्याच्या हातांचा वास घेतला,
आणि पहिला प्रश्न: इतक्या लवकर कसा?
दुसरा: किती पडले?
तो बोलून गेला, पंच्याण्णव. सवलत चालू होती.
आता तिला कागद हवा आहे.
पंच्याण्णवलाही तो फसलाय अशी तिची खात्री आहे.

असा कागद करू नये. मी केला.
खुर्ची एक: साठ.
पिशवी: वीस.
आणि बिल खरं वाटायला कुठेतरी लुबाडणूक हवी, म्हणून
कॉफी दोन: पंधरा.
परतीचा रकाना खोडायचा होता, मग राहू दिला,
समोर शून्य लिहिलं. वर शिक्का.

जानेवारीअखेर माझ्या नावाने एक खोकं आलं.
चेस्टनटचा मुरांबा, सव्वा किलोची बरणी.
खोक्यावर पोस्टाचा आकडा: चोवीस युरो.
आत माझंच बिल, घडी घातलेलं,
कॉफीखाली पेन्सिलीने तीन रेघा मारलेल्या
आणि शेजारी एकच शब्द. आदेरितूने फोनवर तो सांगितला नाही,
नुसता हसत राहिला.

पाठीमागे, बारीक, त्याच पेन्सिलीने:
बरणी परत पाठवा.
रिकामी चालेल.