उतारा

सर्व्हे नंबर एकशे बारा.
गड मोजायला गेलो तेव्हा साखळी धरायला पोसू गावडा होता,
आणि काजूच्या बोंडांचा आंबूस वास
दिंडीदरवाज्यापर्यंत चढून आलेला.

कागद सांगतात ते असं:
कदंबांच्या कुणा मांडलिकाने
जांभा तासून इथे टेहळणीचं घर बांधलं.
मग रुद्राजी देसाई घोटमळकर.
त्यांना विजापूरची सनद, जरीचं पागोटं,
सात गावांचा भात आणि नारळ.
नातू येसोबा. विजरईशी तह करून
दोन तोफा मिळवल्या, एक फुटकी निघाली.
पणतू विठोजी पाच महिने वेढ्यात टिकला
असा उल्लेख आहे.
पुढचं पान वाळवीचं.

टिकला कसा? गडावर विहीर नाही.
टाकं आहे, तेही तडकलेलं.

पोसूने साखळी खाली ठेवली.
कड्याच्या अंगाला, करवंदीच्या जाळीआड
दगडात पावठे,
एकेक पाऊल मावेल एवढेच,
थेट म्हादईपर्यंत.
"ह्याच वाटेन उदक वयर येतालें."
रात्रीचं. डोक्यावर घागर, तोंडात कापडाचा बोळा,
पाय घसरला तर किंकाळी
खालच्या छावणीला ऐकू जाऊ नये म्हणून.
गेलेल्यांची नावं त्याच्या घरात अजून घेतात:
सोमटी, गोकळें, शाणू,
आणि एक सून.
नवीच होती, नाव रुळलं नव्हतं.

शेवटचे देसाई त्र्यंबकराव
पोर्तुगीज शिकले, पणजीत घर केलं,
दरवाज्याचे घडीव चिरे
त्या घराच्या जिन्याला लावले.
मग खाणीचं लीज आलं.
अर्धा डोंगर बार्जमध्ये बसून
समुद्रापार गेला;
सदर गेली, उगवतीचे दोन्ही बुरूज गेले.
पावठे राहिले.
त्या बाजूला लोखंड नव्हतं.

ऊन कलल्यावर तिथेच बसून फॉर्म भरला.
कब्जेदार: सरकार.
कूळ: कोरं.
इतर हक्क: इथे पेन थांबलं.
मग लिहिलं,
'पाणी नेण्याची वाट, रुंदी एक पाऊल.'
साहेब खोडतील बहुतेक.

उतरलो त्याच वाटेने,
पोसू पुढे, मी मागे,
कडा उजव्या हाताला घट्ट.
रुमाल दातांत धरलाय
हे मला
नदी दिसल्यावर कळलं.