चोरकप्पा

पिरेअसला बोट लागायच्या आदल्या रात्री नियम एकच,
बाराच्या आत बॅगा दाराबाहेर.
सकाळी त्या धक्क्यावर भेटतील,
तुम्ही फक्त हातातली पिशवी घ्या.

हे मी तिला तीनदा सांगितलं.
माझं ग्रीक मोडकं, तिला इंग्रजी येत नाही,
आणि मान ती अशी हलवायची
की हो कुठलं, नाही कुठलं, कळू नये.

खोली बासष्ट चौदा. आस्पासियाबाई, वोलोसच्या,
वय अठ्ठ्याहत्तर.
नवरा चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर,
हिला समुद्र ठाऊक तो मनीऑर्डरींपुरता.
भिंतीतली तिजोरी दाखवली, चार आकडे दाबा म्हटलं,
तर म्हणाली, ज्याला किल्ली नाही ते कुलूप कसलं?
तिची तिजोरी म्हणजे टोस्टचा पत्र्याचा डबा,
औषधांची पिशवी,
आणि आणखी एक जागा, जी ती सांगणार नव्हती.

बोटीवर रोख चालतच नाही,
कॉफीपासून केस कापण्यापर्यंत सगळं कार्डावर.
तरी रोज दुपारी ती मोजायची,
मी चादर बदलत असताना, पाठ करून.
शंभर कुठे संपले
ते मला तिच्या खांद्यांवरून कळायचं.

रात्री एक वाजता बेल.
दारात ती, झोपायच्या झग्यात आणि मोज्यांत.
सांगितलं तसं केलं होतं तिने, जरा जास्तच:
सकाळचे कपडे, बूट, चष्मा, औषधं, डबा,
सगळं बॅगेत, आणि बॅग केव्हाच गेलेली.
"लाल लोकर," ती म्हणाली,
"मुठीला लाल लोकर बांधलीय. लगेच सापडेल."

खाली दोन हजार बॅगा.
लाल लोकर, लाल रिबीन, लाल रुमाल,
एकीला तर नाताळची लाल घंटा.
जगातल्या सगळ्या आयांना
एकाच रात्री एकच युक्ती सुचली असावी.
ती वाकली आणि चक्क वास घेत निघाली,
बॅगेमागून बॅग,
भाजीवाल्याकडे खरबूज निवडावं तशी.
भिंतीजवळच्या एकीपाशी थांबली.
घरचा ओरेगानो.

डबा उघडला. मोजलं.
पुन्हा मोजलं.
पन्नास कमी.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
इतकं न पाहणं मी ओळखतो.
जुन्रे माझ्याच गल्लीतला, इलोइलोचा,
अशाच एका मोजणीवर माल्टाला उतरवला त्याला.
पैसे नंतर सापडले, कादंबरीत, खूण म्हणून घातलेले.
तोवर विमान गेलं होतं.
मी दोन्ही हात पुढे धरून उभा राहिलो,
उताणे, मग पालथे,
कुणी मागितलं नव्हतं तरी.

मग ती एका परक्या बॅगेवर बसली
आणि डावा मोजा काढला.
टाचेखाली, घडी घातलेली, आठ दिवस चालून चालून
फडक्यासारखी मऊ झालेली
पन्नासची नोट.
हसली नाही ती. मीही नाही.
ग्रीकमध्ये लांबलचक काहीतरी बोलली,
त्यातला मला एकच शब्द लागला, मुलगा.
तिचा, की कुणाचा, की मी,
विचारायला क्रियापद नव्हतं माझ्याकडे.

सकाळी उतरली, पर्स पोटाशी धरून,
मागे न बघता.
खोली आवरायला गेलो तर
तिजोरी बंद. आठ दिवसांत पहिल्यांदा.

बंद तिजोरी मला उघडता येत नाही.
सुरक्षेचा तारास आला, त्याचं यंत्र, दोन साक्षीदार.
आत नोट एक, पन्नासची,
गुंडाळी करून लाल लोकरीने बांधलेली.
तारासने माझ्याकडे पाहिलं, मग नोंदवहीकडे.
"विसरलेली वस्तू", असं लिहिलं.
रकाना तेवढाच होता.
मऊ, असं काही लिहिलं नाही.

लोकर कुठे लिहायची ते त्याला कळेना.
सोडून माझ्या हातात दिली.
धर, म्हणाला, टाकून दे.