पाठ

भिंतीकडे तोंड करून बसवते चित्राला रोसविथा,
रुसल्या पोरासारखं.
पुढचं अर्धं सोललेलं लिंबू सगळ्यांनाच ठाऊक.
तिला हवी पाठ:
खडूतला ४१७, एक गंजलेली चूक,
खरवडलेल्या चिठ्ठीचा मागे राहिलेला डिंक.

नोंदवहीत अडतीसनंतर एकदम त्रेचाळीस.
मधे कोरी ओळ.

लाइपझिगच्या लिलावयादीत सापडतं शेवटी:
चमचे सहा, पिंजरा रिकामा, लिंबाचं चित्र एक.
मालक झालिंगर, दंतवैद्य, ‘स्थलांतरित’.

माँटेव्हिडिओला फोन लागतो.
म्हातारी ऐकून घेते.
लिंबू? नाही हो, आमच्याकडे नव्हतं.
मग बऱ्याच वेळाने:
जेवणघरात चंद्र होता एक.
आई रोज फडकं मारायची त्याच्यावर.

रोसविथा कोऱ्या ओळीत पेन्सिलने लिहिते, चंद्र.
पुढे प्रश्नचिन्ह, नियमाप्रमाणे.