पायरी

मी बोर्ड रंगवतो. गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर.
वर कन्नड, खाली मराठी,
टेप लावून, दोरा मारून.
कुणाचं अक्षर किती इंच, यावरनं
या गावात डोकी फुटलेली मी बघितलीत.

मुतगेकरांच्या भांड्यांच्या दुकानाला पायऱ्या तीन.
खालच्या पायरीवर तो झोपायचा
सिमेंटच्या पोत्यात पाय घालून,
उशाला तेलाचा रिकामा डबा.
नऊला शटर वर जायचं, त्याआधी
पोऱ्या बादलीभर पाणी ओतायचा.
पायरी धुवायला, असं म्हणायचे.
पाणी त्याच्या अंगावरनंच जायचं पायरीपर्यंत.

बायका साडी उचलून त्याला ओलांडायच्या,
गटार ओलांडताना उचलतात तशी.
एकीचा पाय त्याच्या हातावर पडला
आणि ती सॉरी म्हणाली.
पायरीला? मला?
शिडीवरनं नीट कळलं नाही.

माझ्या शिडीचा एक पाय त्याच्या डोक्यापासनं वीतभर.
चार दिवस. एक शब्द नाही.
निळ्या रंगाचा थेंब त्याच्या कानावर पडला,
दुसरा बाजूला.
मी उतरलो, फडकं घेतलं,
पायरी पुसली.

पाचव्या दिवशी शेठ म्हणाले,
खाली बारीक अक्षरात लिहून टाक:
येथे बसू व झोपू नये.
दोन्ही भाषेत हं. उगाच दगड कोण खाणार?

मी उकिडवा बसलो, त्याच्याकडं पाठ करून.
आधी कन्नड ओढलं, मग मराठी.
मागनं आवाज आला, बसका, इथलाच:
"काय लिवूलास बे?
झोपूचा पू दीर्घ. ऱ्हस्व काढलास की.
आणि वरच्या ओळीत ळखालचा ओत्तु ऱ्हायलाय."

मी ओत्तु घातला.
ऱ्हस्व पुसून दीर्घ केला. सुबक आला.

आमच्याकडं माणूस भेटला की
आधी गाव विचारतात, मग आडनाव,
मग त्या आडनावातले नेमके कुठले,
चहा त्यानंतर.
मी त्याला यातलं काहीच विचारलं नाही.
दोन ओळींचे दीडशे वेगळे लावले.

रात्री जेवताना हसत सांगितलं घरी,
एक वेडा माझ्या चुका काढूलाय.
बायको म्हणाली, चूक होती का?
होती.
मग वेडा कशावरनं?
भाकरी करपत होती, ती उठली.

सोमवारी उरलेली बॉर्डर मारायला गेलो.
पायरी कोरडी, रिकामी,
दोन्ही ओळी चकचकीत.
शेठ म्हणाले, कसं मोकळं वाटूलंय आता.
पोऱ्यानं तो डबा माझ्यापुढं सरकवला,
ब्रश भिजवायला होईल म्हणून.

घेतला. अजून वापरतो.
टर्पेंटाइन ओततो, ब्रश बुडवतो.
फक्त उकार आला की हात थांबतो,
मागं कुणीतरी खाकरल्यासारखं होतं.
दीर्घच काढतो.
वळून मात्र बघत नाही.