डबा ठेवून जा

महापेच्या सहाव्या मजल्यावर
मला बाण काढायचा पगार मिळतो.
एका चौकोनातून निघून दुसऱ्यात शिरणारे बाण:
अर्ज आला, पॉलिसी तपासली, रक्कम ठरली,
मेसेज गेला, पत्र छापलं, फाइल मिटली.
मी हे सगळं एका दमात बांधलं होतं.
हॉस्पिटलच्या खिडकीवरची मुलगी बटण दाबायची
आणि शेवटच्या चौकोनापर्यंत
फिरणारं चक्र बघत बसायची.
मागची रांग तिच्याकडे बघत.

मंगळवारी पत्रांचा सर्व्हर बसला.
एका दमातलं काम मध्येच अडलं
की जिथे अडलं तिथे थांबत नाही,
उसवत उसवत पहिल्या टाक्याच्याही मागे जातं.
रक्कम पुसली. तपासणी पुसली. अर्जसुद्धा पुसला.
मेसेज तेवढा पुसता येईना.
तो केव्हाच दिव्याला पोचला होता,
सुमती भोईर यांच्या फोनवर:
मंजूर.

दुपारी त्या कळव्याला खिडकीशी उभ्या, फोन पुढे धरून.
आणि आमची नोंद शपथेवर सांगते,
या बाईंनी कधी काही मागितलंच नाही.

तन्वीर मुकादम खुर्ची ओढून बसला.
तो ओरडत नाही, पेनचं टोपण उघडतो, लावतो.
म्हणाला, सगळ्यांना एकाच दोरीला कशाला बांधलंस?
अर्ज आला की लिहून ठेव, आणि तोड.
मेसेजनंतर पुन्हा तोड.
मुलीला म्हणावं, अर्ज मिळाला, पुढचा घे.
बाकीचं मागच्या मागे होईल.
नाही झालं तर इंजिन तीनदा करून बघेल,
तरी नाही, तर तुला उठवेल.

दोन खुणा. माऊसच्या दोन टिचक्या.

घणसोली गावात मढवींची गिरण होती.
मी लहान असताना डब्याला चिकटून उभी राहायचे,
पुढच्याच्या ज्वारीत आपला गहू जाऊ नये म्हणून,
भुवया पांढऱ्या होईस्तोवर.
मढवीकाका पट्ट्याच्या आवाजावरून ओरडायचे,
डबा ठेव न जा गो, गहू काय पलून नाय जात!
एकदा गेले ठेवून.
संध्याकाळी डबा कोमट, झाकणावर खडूने आमचं नाव,
आणि पोळ्या महिनाभर करड्या.
आई काही बोलली नाही. मोजून लाटत राहिली.

खुणा टाकल्यावर खिडकी पटापट हलू लागली.
साहेबांनी आलेख दाखवला, रेघ खाली आली होती.
आलेखात सुमतीबाई नव्हत्या.
त्यांचा अर्ज नव्याने भरला, त्यांना उत्तर मिळालं,
अर्ज मिळाला.
म्हणजे झालं का, त्यांनी मुलीला विचारलं.
मुलगी म्हणाली, मिळाला.
म्हणजे होणार का?
मुलीने पुढच्या माणसाला हात केला.
वाट बघणं आम्ही संपवलं नव्हतं,
फक्त यंत्राच्या खात्यातून काढून
बाकड्यावर बसलेल्या बाईच्या नावे लावलं होतं.

रात्री एक वाजून चाळीस मिनिटं.
मजल्यावर एसीचा आवाज, आणि सुर्वे वॉचमन
जिन्यात कोणाशी तरी भाड्याबद्दल बोलतोय.
पत्र, पहिला प्रयत्न: नाही.
पाच मिनिटं.
दुसरा: नाही.
खाली कंपनीची गाडी एकदा हॉर्न वाजवून गेली.
मी इथे असायची काहीच गरज नाही.
कोणाला जवळ उभं राहावं लागू नये
म्हणूनच तर तोडलं होतं.
तरी बसलेय, थंड चहा बाजूला सारून,
पडद्याचा पांढरा उजेड भुवयांवर घेत.

तिसरा प्रयत्न सुरू.
दिव्यात आत्ता फोन वाजला
तर त्या दचकतील.
वाजू दे.