मोजणीखातं

आधी वाटलं, दातच दुखतोय.
खालचा, डावीकडचा. दातांच्या डॉक्टरांनी
काढूनही टाकला बिचारा,
आणि पुढच्या रविवारी पांडवलेणीच्या
एकशे बाराव्या पायरीवर
नसलेला दात पुन्हा दुखला.

मी नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं मोजणीला होते.
माझ्या हातून आकडा निसटत नाही.
एकशे बारा.
त्यापुढच्या रविवारी एकशे पाच, गारठा होता म्हणून.
मग पुन्हा एकशे बारा.
जबड्यातून खांद्यात, खांद्यातून छातीत,
ओल्या चादरीला दोघींनी पीळ घालावा तसं,
आणि बसले की तीन मिनिटांत
जसं काही झालंच नाही.

गायधनी डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवलं,
अंगाला तारा, पट्टा हळूहळू तिरका.
मी मनात पायऱ्या मोजत होते.
म्हटलं, आता येईल.
आलं.
नंतर त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
पेनाने एक नदी काढली,
एका जागी बारीक केली.
"हे स्टेबल आहे."
म्हणजे बरं आहे?
"बरं नाही. पण शब्दाला जागणारं आहे.
इतकं चढलात की येणार, बसलात की जाणार.
ज्या दिवशी न चढता येईल,
झोपेतून उठवेल, बसून, गोळी ठेवूनही हटणार नाही,
त्या दिवशी माझ्या नंबराची वाट बघू नका.
एकशे आठ लावा."

मुलगा पुण्याहून म्हणाला, स्प्रिंग टाकून घे, मोकळी हो.
डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्यांना तीन महिने देऊ.
एक वळण रुंद केलं तरी
पाणी तेच, गाळ तोच.
मुलगा रुसला.
रुसू दे.

सकाळची पांढरी नाडीला लगाम घालते:
अठ्ठ्याऐंशीची साठ. हात गार पडतात,
जावेला वाटतं मी मुद्दाम तिच्या मानेला लावते.
(एकदा लावला होता.)
दुपारची, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. रात्रीची चरबीसाठी.
आणि ती इवलीशी, जिभेखालची,
चष्म्याच्या घरात, चष्म्याच्या आधी हाताला लागेल अशी.
आधी बसायचं, मग ठेवायची.
मेनरोडला उभ्यानेच ठेवली आणि अंधारी आली;
भांड्यांच्या दुकानदाराने धरून
उपड्या पातेल्यावर बसवलं मला,
वर विचारलं, ताई, घेणार आहात का?
डोकं ठणकतं, कान तापतात.
म्हणजे गोळी कामाला लागली.

मिसळ खाऊन लगेच चढायचं नाही.
डिसेंबरात ऊन पायरीवर आल्याशिवाय निघायचं नाही.
भांडून चढायचं नाही, हे कुणी सांगितलेलं नव्हतं,
हे माझं मी शोधलं.

आज एकशे अठ्ठेचाळीस.
इंदू दोंदे, माझ्याच टेबलावरची, पुढे गेली.
तिचे गुडघे गेलेत, तरी पुढे.
मी बसले. गोळी नाही, नुसतं बसणं.
खाली हायवेवर द्राक्षांचे टेम्पो,
शेजारी एक लंगडा कुत्रा, त्याचीही ही शेवटची पायरी असावी.

प्रेसमध्ये एक नोट कमी भरली तर
दारं बंद व्हायची, कुणी घरी जायचं नाही,
शंभर, शंभर, शंभर,
त्यातली एकही आपली नसायची.
इथे कुणी तपासायला येत नाही.
मनगटावर बोट ठेवलं.

वरून इंदू ओरडली,
किती राहिल्या गं तुझ्या?

ठाऊक आहेत मला. पण बोलले नाही.
मध्येच बोललं
की नाडी पुन्हा एकपासून मोजावी लागते.