उणे बावीस

एरवी आम्ही ऊती मेणात बसवतो.
त्याआधी झायलीन; आणि झायलीन
चरबी सगळी धुऊन नेतं.
काचेवर उरतात नुसती भोकं.
मुळ्ये सर भोकावर बोट ठेवून म्हणायचे, "इथे होती."
सव्वीस वर्षं मी या 'होती'चीच
पारख करत आले, इंदुरात, कॉलेजच्या तळमजल्यावर.

आज मात्र गोठवून कापलंय.
उणे बावीस अंश. महाधमनीचा तुकडा,
पुरुष, वय एकोणसाठ,
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलीनं:
तुपाचं दुकान, मारोठिया.

लाल रंग सोडला,
आणि अस्तराखाली डाळिंब फुटलं.

ही पेशी मुळात सफाईवाली.
रक्तातून भिंतीत शिरली ती कचरा उचलायला,
सकाळी गल्लीत पिवळी गाडी येते तशी.
उचलत गेली.
तिला तोंड आहे, पण 'पुरे' म्हणायला नाही.
गिळलेलं कोलेस्टेरॉल मोकळं ठेवलं तर तिलाच बाधतं,
म्हणून त्याची आम्लाशी गाठ मारते, थेंब करून ठेवते,
मग गाठ सोडते,
मग पुन्हा मारते,
कुणी न्यायला येईल म्हणून.
येतातही. बारके, घट्ट कण,
यकृताकडे परतणारी रिकामी वाहनं.
कधी भरून जातात.
कधी दारावरूनच पुढे.

फेसानं फुगलेली ती मग तिथेच मरते
आणि दुसरी येते
तिला उचलायला.

तिवारीजी मनगटावर थेंब लावून हुंगायला द्यायचे.
"ताई, घी रवेदार होना चाहिए."
तेच असतील असं नाही. मारोठियात तुपाची दुकानं पुष्कळ.
पण दिवाळीपासून त्यांचं शटर बंद आहे.

तूप थेट भिंतीत जात नाही, मला ठाऊक आहे.
यकृतातून, दुसऱ्याच वेष्टनात, दुसऱ्याच नावानं निघतं,
त्यात आईबापांचं रक्त असतं, विड्या असतात, झोप असते.
तरी ध्रुवण-भिंग फिरवलं
तेव्हा खोलवर रवे चमकले.
सुईसारखे, पांढरे,
उत्तम रवे.

ही काच ग्लिसरीन जेलीत आहे, फार टिकायची नाही.
काही महिन्यांत रंग सरकेल,
थेंब एकमेकांत मिसळतील.
नोंदवहीत मी लिहिलं: चरबी, भरपूर.
'होती' नाही लिहिलं.

मग हात धुतले, दोनदा,
आणि डबा उघडला.
पोळीच्या घडीत तूप, थंडीनं गोठलेलं.
थोडा वेळ
तो पांढरा कोपरा
बोटाखाली धरून ठेवला,
वितळेपर्यंत.